टक लावायची नाही

१

मुलगी अंधाराला घाबरेनाशी झाली, या काळजीने तिच्या आईची झोप उडाली होती.

हे वाक्य कुणापुढे म्हणायची सोय नव्हती. स्वतःच्या आईला फोनवर सांगून पाहिलं, तर आई म्हणाली, "घाबरत होती तेव्हा घाबरते म्हणून रडायचीस. आता घाबरत नाही म्हणून रडतेस. तुझं एकदा काय ते ठरव, आणि मग मला फोन कर."

मुलगी साडेचार वर्षांची. जन्मली तेव्हा इतकी लहान होती, की बाप म्हणाला होता, हे मूल नव्हे, हे तर टिंब आहे. त्याचं टिंबू झालं आणि तेच चिकटलं. दिवा मालवला की टिंबू अशी किंचाळायची, की वरच्या मजल्यावरचे लोक सकाळी जिन्यात भेटल्यावर काळजीने चौकशी करत. म्हणून कोपऱ्यात अळंबीच्या आकाराचा एक छोटा दिवा रात्रभर जळायचा. तीन आठवड्यांपूर्वी एका रात्री टिंबू पलंगावरून उतरली, त्या दिव्याचं बटण स्वतः बंद केलं, परत येऊन पांघरूण ओढलं आणि झोपली. दिवसभराचं काम आटपून कपाटाला कुलूप लावणाऱ्या कारकुनासारखी.

मुलांच्या संगोपनावरच्या पुस्तकात लिहिलं होतं, 'अशा भीतीतून मूल हळूहळू बाहेर येते.' 'हळूहळू'खाली तिने पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या. इथे हळूहळू काहीच झालं नव्हतं. सोमवारी भीती होती, मंगळवारी नव्हती.

तेव्हापासून रोज रात्री ती शेजारी आडवी पडून, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मुलीचं तोंड बघत राहायची. नवरा कामावर असायचा. मुलगी शांत झोपलेली असायची. फार शांत, असं तिला वाटायचं. मग वाटायचं, शांत झोपलेल्या मुलाला 'फार शांत' म्हणणाऱ्या आईलाच एखाद्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

२

गावाबाहेरच्या टेकडीवर एक जुनी वेधशाळा होती. तिथे तिची नोकरी दिवसाची आणि नवऱ्याची रात्रीची. तो दुर्बिणीला डोळा लावून तारे बघायचा, आणि ती दुसऱ्या दिवशी त्याच ताऱ्यांचे फोटो संगणकावर मोजायची. लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, या दोघांना भांडायला वेळ मिळणार नाही, संसार सुखाचा होईल. बऱ्याच अंशी तसंच झालं होतं.

तिच्या वाट्याला एक लाल तारा आला होता. फार म्हातारा, फुगलेला, आतून विझत चाललेला. आपला सूर्य गिळून ढेकरही देणार नाही इतका मोठा, आणि इतका दूर, की आज डोळ्याला लागणारा त्याचा उजेड तिथून निघाला त्याला सहाशे वर्षं झाली. साधारण चौदा महिन्यांत तो एकदा उजळायचा आणि पुन्हा मंदावायचा, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. त्याला लांबलचक क्रमांक होता, पण ऑफिसात सगळे त्याला आजोबा म्हणत. "आजोबा कसे आहेत?" "थकलेत जरा."

मोजायची रीत सोपी होती. आजोबांच्या आजूबाजूला चार साधे, पांढरे, भरवशाचे तारे होते. ते बदलत नाहीत. यांच्यापेक्षा आजोबा किती उजळ किंवा किती मंद, एवढंच बघून लिहायचं. फोटो गच्चीवरचा कॅमेरा आपला आपण काढायचा, अंधार पडल्यापासून दर दहा मिनिटांनी एक. त्यातला रात्री नऊचा तेवढा ती मोजायची, बाकीचे साठवून ठेवले जायचे. शिवाय नव्वद वर्षांची एक परंपरा होती, की हा तारा रोज माणसाने डोळ्यानेही बघायचा आणि अंदाज नोंदवहीत लिहायचा. ते काम नवऱ्याचं.

तिला शिकवणाऱ्या मोठ्या बाई आता निवृत्त झाल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही. लाल उजेड डोळ्यात साठत जातो, आणि तारा उजळल्यासारखा दिसतो. तो उजळत नसतो हं, आपला डोळा फसत असतो. चोरट्यासारखं बघायचं. एक, दोन, तीन, की नजर काढायची."

तिने स्वतः आजोबांना दुर्बिणीतून एकदाच पाहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी नवरा तिला हाताला धरून घुमटात घेऊन गेला होता. शाल, कॉफीचा थर्मास, सगळी तयारी. "ज्याच्या जिवावर आपण खातो, त्याला एकदा प्रत्यक्ष भेट तरी," असं म्हणाला होता. ती बघत राहिली. "सावकाश बघ," तो म्हणाला, "घाई नाही." बाईंचा नियम तेव्हा दोघांनीही गुंडाळून ठेवला होता. संसाराच्या रुक्ष दिवसांत ती संध्याकाळ ती अधूनमधून काढून बघायची, जपून ठेवलेल्या साडीसारखी.

३

महिन्याच्या शेवटी फोटोंचे आकडे आणि नोंदवहीतले अंदाज शेजारी मांडून बघायचे असत. एरवी ते नवरा-बायकोसारखेच जुळायचे, म्हणजे थोडे मागेपुढे.

या महिन्यात आजोबा मंदावण्याच्या काळात होते. फोटोही तेच सांगत होते. पण नोंदवहीत सात दिवस असे होते, की ज्या दिवशी नवऱ्याने तारा भलताच उजळ लिहिला होता. थोडाथोडका नाही. जवळजवळ तिपटीने.

संध्याकाळी चहा करताना ती म्हणाली, "साहेब, टक लावून बघता वाटतं हल्ली. नवशिक्यासारखे."

तिला वाटलं, आता तासभर वाद. हा माणूस मीठ जास्त पडलं तर मिठाच्या कंपनीला दोष देणारा. पण तो हसला आणि म्हणाला, "असेल. दमतोय मी. चूक झाली असेल."

ती गाळणं हातात धरून तशीच उभी राहिली. लग्नाला सात वर्षं झाली होती. 'चूक झाली असेल' हे त्याच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होती.

४

दुसऱ्या दिवशी तिने त्या सात नोंदी पुन्हा काढल्या. तारखांवरून बोट फिरवलं. सोमवार. गुरुवार. सोमवार. गुरुवार. मग वेळेच्या रकान्यावर बोट गेलं आणि तिथेच थांबलं. साडेसहा. सातही वेळा साडेसहा.

सोमवारी आणि गुरुवारी साडेसहाला तो वेधशाळेत नसायचा. तो टिंबूला पोहायला घेऊन जायचा. पाचला दोघं निघायची, सव्वासातला परत यायची, आणि आठला तो कामावर जायचा. टिंबूला पाण्याची सवय व्हावी, ही त्याचीच कल्पना. ते दोन तास म्हणजे तिची आठवड्याची सुट्टी होती. ती केस धुवायची आणि भिंतीकडे बघत बसायची, आणि मनातल्या मनात म्हणायची, किती चांगला बाप आहे.

त्याने वेळ चुकीची लिहिली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग सांगितलं, की घड्याळ बिघडलं असेल. मग अर्धा दिवस रजा टाकून घरी गेली.

पोहायची पिशवी दाराआड टांगलेली होती. सोमवारचा टिंबूचा पोशाख अजून दमट होता. तिने तो नाकाशी धरला. तरणतलावाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास असतो, कितीही धुतलं तरी न जाणारा. या कापडाला नुसता पाण्याचा वास होता. नळाच्या पाण्याचा.

ती जमिनीवर बसली. टिंबू परत यायची तेव्हा तिचे केसही ओले असायचे. 'हल्ली तलावाचं पाणी चांगलं ठेवतात, केसांना वासच येत नाही,' असं कौतुकाने आपणच म्हणालो होतो, आणि तो 'हो ना' म्हणाला होता. म्हणजे तो वेधशाळेच्या मागच्या नळाखाली, या थंडीत, साडेचार वर्षांच्या पोरीचं डोकं धरायचा. पोशाख भिजवायचा, पिळायचा, पिशवीत भरायचा. आठवड्यातून दोनदा. इतक्या बारकाईने या माणसाने घरातलं एकही काम कधी केलं नव्हतं.

आणि नोंदवहीत वेळ मात्र खरी लिहायचा. नोंदवहीत खोटं लिहिणं त्याच्याकडून होणारच नव्हतं. खोटं तो फक्त घरी बोलत होता.

५

त्याच दुपारी ती ऑफिसात परत आली आणि साठवणीतले फोटो उघडले. सोमवारचे.

सहा वाजता आजोबा मंद. सहा दहाला मंद. सहा वीसला उजळ. साडेसहाला इतके उजळ, की शेजारचे चारही भरवशाचे तारे त्यांच्यापुढे फिके पडावेत. सहा चाळीसला उजळ. सहा पन्नासला मंद. त्यानंतर रात्रभर मंद.

तिने ते फोटो पुन्हा एकेक करून पाहिले.

कॅमेरा टक लावत नाही. त्याच्या डोळ्यात काही साठत नाही. बरं, ढग? ढग आला तर तारा मंद होईल, उजळणार नाही, आणि शेजारचेही होतील. विमानाचा दिवा? वीस मिनिटं एकाच जागी? कॅमेरा तापला? मग सगळं चित्रच बिघडलं असतं. तिने आधीचा गुरुवार उघडला. तेच. त्याच्या आधीचा सोमवार. तेच. मधल्या दिवसांत काही नाही.

सहा वीस ते सहा चाळीस. टिंबू घरातून निघाल्यापासून ओलं डोकं घेऊन परत येईपर्यंतच्या मधली वीस मिनिटं.

खिडकीबाहेर माळी गवत कापत होता. ते यंत्र बंद पडलं, चालू झालं, बंद पडलं. ती शिकलेली बाई होती, आणि शिकलेल्या माणसाचं डोकं अशा वेळी गप्प बसत नाही, ते हिशेब करतं. तिचंही करू लागलं. तारा पोरीला बघून उजळला, असं क्षणभर धरून चालू. चालूच नये, पण धरू. तर त्याला तिथून इथे उजेड पोचवायला सहाशे वर्षं लागतात. म्हणजे तो सोमवारी उजळला नाही. तो सहाशे वर्षांपूर्वीच उजळला होता, आणि तो उजेड वाटेत कुठेही न चुकता, बरोब्बर सोमवारी सहा वीसला पोचेल अशा बेताने.

त्याला तेव्हाच माहीत होतं.

तिने संगणक बंद केला. रीतसर बंदही केला नाही, सरळ बटण दाबलं.

६

गुरुवारी दोघं 'पोहायला' गेल्यावर ती सव्वा तासाने टेकडीची वाट चढली. अंधार पडला होता. घुमटाचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत लाल बल्ब लावलेला होता. दुर्बिणीपाशी स्टूल, आणि स्टुलावर टिंबू. लोकरीची टोपी, गुडघ्यात किंचित वाकलेले पाय, डोळा काचेला. अजिबात हलत नव्हती. घरी हे मूल दात घासायला अर्धं मिनिट एका जागी उभं राहत नाही. शेजारी नवरा. एक डोळा बाजूच्या छोट्या दुर्बिणीला लावलेला, हातात पेन्सिल.

"टिंबू," ती म्हणाली. "खाली उतर."

टिंबू उतरली. जणू आई येणार हे ठरलेलंच होतं, अशी. आईने तिला उचलून कडेवर घेतलं. पोरीचं नाक बर्फासारखं होतं.

"ऐकून तरी घे," नवरा म्हणाला.

"नळाखाली धरत होतास हिला?"

"तो भाग चुकलाच. ते बघ, सांगतो. एकदा सहज दाखवला होता तिला. सहज! आणि तो उजळला. मला वाटलं भास. मग खात्री करायला पुन्हा..."

"सात वेळा खात्री केलीस?"

"आठ," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातल्या काटेकोरपणाचं त्याला काहीच वाटलं नाही. "दुसऱ्या कुणासाठी होत नाही गं. फक्त तिच्यासाठी होतं. सगळ्यांना दाखवून बघितलं मी."

मेजावर नोंदवहीशेजारी एक लहान वही उघडी पडली होती. तिचं लक्ष गेलं ते केवळ त्याचं अक्षर सुरेख होतं म्हणून.

'मी. पंधरा मिनिटे. बदल नाही.'

'पहारेकरी. दहा मिनिटे. बदल नाही.'

'बायको. दहा मिनिटे. बदल नाही.'

पुढे तारीख होती. दोन महिन्यांपूर्वीची. शालीची, कॉफीची. सावकाश बघ, घाई नाही.

तिला वाटलं होतं की आपण ओरडू. पण एवढंच मनात आलं, की ती संध्याकाळ आता कुठे ठेवायची.

"म्हणजे त्याच्या आधीपासून," ती म्हणाली. "मला इथे आणलंस त्याच्याही आधी तू हिला दाखवला होतास."

"तुलना नको का करायला? तूच सांग, तू मोजणी करतेस. तुलनेशिवाय काय अर्थ आहे?" मग तो मवाळ झाला. "एकदा बघ. एकदाच. मग जे म्हणशील ते."

तिने तिथून निघून जायला हवं होतं. हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण कडेवरची मुलगी सावरून ती वाकली आणि काचेला डोळा लावला. टिंबूने तोंड तिच्या मानेत खुपसलं होतं. म्हणजे पोर तर बघतच नव्हती.

काळोखात चार पांढरे ठिपके, भरवशाचे, जागच्या जागी. मधे तो. विझत्या निखाऱ्यासारखा लाल, पण मोठा, निवांत. ती मोजू लागली. एक. दोन.

मानेवर टिंबूच्या पापण्या टेकलेल्या होत्या. त्या मिटताना तिला जाणवल्या, मऊ, पंख घासल्यासारख्या.

तारा मिटला.

चारही ठिपके होते तिथेच होते. मधे नुसता काळोख. मानेवरच्या पापण्या सावकाश उघडल्या, आणि काळोखात तो वरून खाली नव्हे, खालून वर, सावकाश उघडला.

तिने डोळा काढला. मागे पेन्सिलीचा आवाज येत होता. नवरा तिच्याकडे बघत नव्हता, पोरीकडे बघत नव्हता. घड्याळाकडे बघून लिहीत होता.

७

घरी आल्यावर तिने टिंबूच्या खोलीची खिडकी लावली, पडदा ओढला, पडद्यावर जाड चादर टांगली आणि चादरीच्या कडा टाचण्यांनी भिंतीत खोचल्या. घरमालक काय म्हणेल हा विचार मधेच आला आणि तिला हसू फुटलं. ते थांबवायला ओठ चावावा लागला.

डोळ्याचा भास असणार. कडेवर पोर, छातीत धडधड, डोळ्यात पाणी. पाणी आलं की तारा दिसेनासा होतो, यात काय नवल? मग चार ठिपके कसे दिसत राहिले, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नव्हती. फोटोत शोधूनही उपयोग नव्हता. कॅमेरा दर दहा मिनिटांनी एकदा बघतो. दोन फोटोंच्या मधे काय झालं हे त्याला ठाऊक नसतं. तेवढ्यासाठी तिला पहिल्यांदाच कॅमेऱ्याचा हेवा वाटला.

फोन तीनदा वाजला. नवऱ्याचा. तिने घेतला नाही. सकाळी पहिल्या गाडीने आईकडे जायचं तिने ठरवलं होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती, आणि पोहायची पिशवी कचऱ्यात.

टिंबू दूध प्यायली, मिशी पुसली, पलंगावर चढली. कोपऱ्यातला अळंबीचा दिवा आईने लावून ठेवला होता. टिंबूने त्याच्याकडे पाहिलं, उतरली, बटण बंद केलं, परत आली. पूर्ण काळोख. दाराची फटही आज बंद होती.

"टिंबू, बाबांनी सांगितलं होतं का, आईला सांगायचं नाही म्हणून?"

"हो."

"मग तू नाही सांगितलंस."

"तू विचारलंच नाहीस," टिंबू म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

खरंच होतं. आईला फोन करून विचारलं, पुस्तकाला विचारलं, रात्र रात्र जागून पोरीच्या तोंडाकडे टक लावली. तिला मात्र विचारलं नव्हतं.

काळोखात तिने चाचपडत मुलीचा हात शोधला. तो ऊबदार होता, छोटा, ओळखीचा. त्याने तिला धीर आला.

"बरं, मग आता सांग," ती म्हणाली. "एवढी घाबरायचीस अंधाराला. आता भीती का नाही वाटत?"

टिंबूने जांभई दिली. कूस वळवली. आईला वाटलं, झोपली. मग काळोखातून, अगदी जवळून, तिचा झोपाळलेला आवाज आला.

"आधी मला वाटायचं, तिथे कुणीच नाही."